इतिहासाचा तास सुरू झाला की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो

आपा, मी सातवीत आहे, घोडबंदर रोडला राहते. आधी आम्ही कौशाला होतो, मागच्या वर्षी इकडे फ्लॅट घेतला. नव्या शाळेत माझ्या वर्गात मी एकटीच मुस्लिम. परवा अफझलखानाचा धडा सुरू झाला तर मागच्या बेंचवरून आवाज आला, 'ए तुझा मामा आला', सगळे हसले, बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि मधल्या सुट्टीत तर प्रश्नच प्रश्न. तुम्ही काळ्या दगडाची पूजा करता ना? तुमची ईद दरवर्षी वेगळ्या तारखेला कशी? शिया सुन्नी म्हणजे काय? जिहाद म्हणजे काय? तुम्ही अरबस्तानातून आलात तर घरी मराठी कसं बोलता? मला यातलं निम्मं पण माहीत नाही. कुराण वाचता येतं पण अर्थ कळत नाही. अब्बा म्हणतात लक्ष देऊ नको, अम्मी म्हणते आलिमांना विचार. माझी बेस्ट फ्रेंड (ती हिंदू आहे, खूप चांगली आहे) म्हणते एकदाच सगळ्या वर्गासमोर उभी राहून सांगून टाक. काय करू?
– घोडबंदरची

बेटा, सलाम.

पत्र वाचून आधी राग आला, तुझा नाही, मागच्या बेंचचा. मग मधल्या सुट्टीच्या प्रश्नांवर आले आणि हसूच आलं, कारण हेच प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारले गेलेत, डबा खाता खाता, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी, आणि मी तिथे इतिहास शिकवत होते. म्हणजे वयाचा काही संबंध नाही यात.

आधी एक गाठ सोडवू. 'तुझा मामा' हा प्रश्न नाही, ती टवाळी आहे, त्याचं उत्तर द्यायचं काम तुझं नाही, बाईंचं आहे, त्यावर शेवटी येते. बाकीचे प्रश्न मात्र खरे आहेत. त्यांची उत्तरं तुला यावीत असं मला वाटतं, पण वर्गासाठी नाही, तुझ्यासाठी. वर्गाची मौलाना व्हायची तुला काही गरज नाहीये. वीस कोटी माणसांच्या वतीने तेरा वर्षांच्या मुलीने मधल्या सुट्टीत खुलासे द्यायचे, हा काय न्याय झाला? ज्याने नीट विचारलं त्याला एखाद दुसऱ्या वाक्यात सांग, येत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगते' म्हण आणि खरंच बघ. उभं राहून भाषण वगैरे अजिबात नको, मैत्रिणीला माझा नमस्कार सांग पण तिची आयडिया नको.

आता मुद्द्याचं. सुरुवात मक्केपासून करू कारण तिथलीच गोष्ट आपल्या मुलांना सगळ्यात अर्धवट माहीत असते. पैगंबर मुहम्मद (स.) साधारण ५७० साली मक्केत जन्मले, कुरैश टोळीत. वडील जन्माआधीच गेले, सहा वर्षांचे असताना आई गेली, मग आजोबांनी आणि नंतर काका अबू तालिब यांनी सांभाळलं. मोठे झाल्यावर व्यापारात पडले, खदीजा नावाच्या एका विधवा व्यापारी बाईंचा माल घेऊन सीरियाला गेले, त्यांचा चोखपणा बघून त्या बाईंनीच लग्नाचा निरोप पाठवला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पहिली मुसलमान कोण तर हीच बाई, स्वतःचा धंदा चालवणारी.

६१० साल. मक्केजवळ हिरा नावाच्या डोंगरातल्या गुहेत ते एकटे जाऊन बसायचे, तिथे जिब्रील फरिश्ता आला आणि म्हणाला, वाच. हे म्हणाले, मला वाचता येत नाही. असं तीनदा झालं. तिथून ते थरथरत घरी आले आणि खदीजांना म्हणाले मला पांघरूण घाला, मला पांघरूण घाला. तुझ्या वर्गातल्या कुणाला वाटत असेल की ते डोंगरावरून उतरले ते थेट फौज घेऊनच, तर नाही, घाबरलेला एक चाळिशीचा माणूस आणि त्याला धीर देणारी बायको, अशी सुरुवात आहे. खदीजा म्हणाल्या, अल्ला तुम्हाला कधीच खाली बघायला लावणार नाही, तुम्ही नातेवाइकांना धरून असता, गरिबाचं ओझं उचलता. आणि मग त्यांना घेऊन गेल्या कुणाकडे, तर आपल्या चुलतभावाकडे, वरका त्यांचं नाव, ते ख्रिस्ती होते आणि जुने ग्रंथ वाचलेले होते.

पुढची दहा बारा वर्षं छळाची. बिलालसारख्या गुलामांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवले. हाच बिलाल, काळा, हबशी, पुढे पहिली अजान देणारा झाला. काही मुसलमानांना समुद्र ओलांडून हबशी देशात, म्हणजे आताच्या इथिओपियाकडे, पळून जावं लागलं आणि तिथल्या ख्रिस्ती राजाने त्यांना आसरा दिला. दरबारात त्यांना विचारलं तुमच्या ग्रंथात काय आहे, तर त्यांनी कुराणातली सूरह मरियम, म्हणजे मरियमचा अध्याय, म्हणून दाखवली, येशूच्या आईची. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला गेले, तीच हिजरत, तिथूनच आपलं हिजरी सन सुरू. मदिनेत गेल्यावर मात्र गोष्ट बदलते आणि ते पण तू लपवू नकोस. तिथे ते नुसते उपदेश करणारे राहिले नाहीत, एका समाजाचे प्रमुख झाले, बद्र, उहुद, खंदक अशा लढाया झाल्या, मदिनेतल्या ज्यू टोळ्यांशी बिनसलं आणि त्यात कठोर शिक्षाही झाल्या. ६३० मध्ये मक्का ताब्यात आली तेव्हा ज्यांनी इतकी वर्षं छळलं त्यातल्या बहुतेकांना माफ केलं, काबातल्या मूर्ती काढल्या. ६३२ मध्ये मदिनेत वफात, म्हणजे निधन.

शिया सुन्नी इथूनच सुरू होतं. पैगंबरांनंतर पुढारी कोण? बहुतेकांनी अबू बक्रना मानलं. काहींचं म्हणणं होतं की हक्क अलींचा, ते चुलतभाऊ आणि जावई. हे पुढे शिया झाले, ते बहुतेक सुन्नी. अबू बक्र, उमर, उस्मान आणि चौथे अली असे खलिफा झाले, त्यातल्या शेवटच्या तिघांचे खून झाले, म्हणजे तो काळ काही शांततेचा नव्हता. मग ६८० मध्ये करबला, अलींचे पुत्र आणि पैगंबरांचे नातू हुसेन यांना तेव्हाचा खलिफा यझीद याच्या फौजेने बायकामुलांसकट वेढलं, पाणी तोडलं आणि मारलं. मोहरमची दहा तारीख ती. शियांच्या मनात ती जखम आजही ओली आहे, आणि दुःख सुन्नींना पण आहे बरं का. महाराष्ट्रात किती गावांत ताबूत हिंदू घरांनीही उचलले आहेत ते तुझ्या वर्गातल्या कुणाच्यातरी आजोबांना माहीत असेल, विचारायला सांग.

श्रद्धेचं मात्र थोडक्यात, कारण ते तुला घरात मिळालंयच, फक्त ओळीने मांडलेलं नाही. अल्ला एक, त्याला रूप नाही, भागीदार नाही. फरिश्ते, त्याने पाठवलेले ग्रंथ, पैगंबर (इब्राहिम, मूसा, ईसा हे सगळे आपलेच), कयामतचा दिवस आणि तकदीर. करायच्या गोष्टी पाच, कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. यातल्या जकातीबद्दल कुणी विचारत नाही आणि मला तीच सगळ्यात सांगण्यासारखी वाटते. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी याच्या किमतीएवढी शिल्लक एक चांद्रवर्ष तुमच्याकडे राहिली की त्यातले अडीच टक्के गरिबाचे. लाखाला अडीच हजार. ती भीक नाही, त्याचा हक्कच आहे. रमजानमध्ये अब्बा कॅल्क्युलेटर घेऊन बसतात तेव्हा शेजारी बसून बघ, टक्केवारीचा सराव पण होईल.

दगडाचं उत्तर तर चौदाशे वर्षांपूर्वी देऊन झालंय. काबा ही दिशा आहे, सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड करावं म्हणून, आधी ती दिशा जेरुसलेम होती. आणि काळ्या दगडाला खलिफा उमर काय म्हणाले ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या सोबत्यांच्या नोंदवलेल्या आठवणींत, आहे, मला ठाऊक आहे तू दगड आहेस, तुझ्याकडून ना फायदा ना नुकसान, पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मी घेतलं नसतं. एवढं सांग, बस.

ईदच्या तारखेचं विचारणाऱ्याला उलट विचार की दिवाळी दरवर्षी एकाच तारखेला असते का? चंद्राचे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. पंचांगवाले दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून ते भरून काढतात म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच राहते. अरब लोकही इस्लामआधी असं काहीतरी करायचे, कुराणने ते बंद केलं. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, साधारण ३३ वर्षांत एक फेरी. मे महिन्यातले रोजे आणि डिसेंबरातले रोजे, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात. (मे महिन्यातले मी केलेत, लोकलच्या गर्दीत, त्याबद्दल वेगळं सदर लिहावं लागेल.)

आता तुझा शेवटचा प्रश्न, अरबस्तानातून आलात तर मराठी कसं. याच्यावर मी थांबणार आहे कारण हा प्रश्न ज्या गावात विचारला गेला त्या गावालाच त्याचं उत्तर ठाऊक असायला हवं. ठाणं म्हणजे जुनं श्रीस्थानक, शिलाहार राजांची राजधानी. अरब गलबतं या किनाऱ्यावर इस्लामच्याही आधीपासून येत होती, वाऱ्यावर यायची, वाऱ्यावर परत जायची, मधले महिने इथेच मुक्काम. बलाझुरी नावाचा नवव्या शतकातला इतिहासकार लिहितो की खलिफा उमरच्या काळात, साधारण ६३६ मध्ये, उमानकडच्या सुभेदाराने ठाण्यावर एक आरमारी स्वारी पाठवली आणि ते कळल्यावर उमरच त्याच्यावर चिडले. म्हणजे पहिली भेट काही गोड नव्हती, ते पण सांग. पण त्यानंतरची तीनेकशे वर्षं बघ. ९१६ च्या आसपास मसूदी नावाचा प्रवासी चौलला येऊन गेला, आपल्या अलिबागजवळचं चौल, तिथे तेव्हा शिलाहारांचा झंझ राजा होता आणि दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं तो लिहितो. त्यातले बरेच इथेच जन्मलेले. हिंदू राजाचं राज्य, त्यात मशिदी, आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला राजाने नेमलेला मुसलमानच माणूस.

आणि माझं सगळ्यात आवडतं, चिंचणीचा ताम्रपट. चिंचणी डहाणू तालुक्यातलं, आत्ता पालघर जिल्हा पण २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात. शके ८४८, म्हणजे ९२६ साल. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र, आणि त्याच्या वतीने संजाणचा कारभार बघणारा एक 'ताजिक', म्हणजे अरब. संस्कृत ताम्रपटात त्याचं नाव मधुमती लिहिलंय, अभ्यासक म्हणतात ते मुहम्मदचंच संस्कृत रूप. या मधुमतीने काय केलं तर तिथल्या नद्यांवर फुकट नावेची सोय चालू केली, फुकट भात-तूप मिळेल असं अन्नछत्र काढलं, आणि एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून देवीच्या मठाला जमीन दिली. कुणी हे प्रचारासाठी रचलेलं नाही, तांब्यावर कोरलेलं आहे. पुढे काय झालं, अरब व्यापारी, इथलीच माणसं, लग्नं, धर्मांतरं, सगळं शतकानुशतकं मिसळत गेलं आणि त्यातून आपण कोकणी मुसलमान झालो. कुठल्यातरी खापरपणज्याला अरब सांगणारी घरं आहेत, पण रक्त बहुतांश याच मातीतलं. म्हणून आपली आडनावं बघ, कुणी मुकादम, कुणी खोत, कुणी देशमुख, आणि 'कर' लावणारे तर ढिगाने.

याचा एक पुरावा बघायला तुला शाळेत पण जायला नको, कौशाच्या जुन्या घरी भिंतीवर नमाजच्या वेळांचं कॅलेंडर असेल ते आठव. त्यात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या, दोन वेळा असतात, एक शाफई आणि एक हनफी, सुन्नींच्या या दोन शाखा. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक सुन्नी हनफी, ते सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर असर पढतात. आपण कोकणी शाफई, आपली असर सावली एकपट झाली की सुरू. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजमध्ये आपल्याकडे कुनूत नावाची दुआ पढतात, रुकूच्या, म्हणजे वाकण्याच्या, आधी आणि नंतर हात उचलतात, शेजारचा हनफी उचलत नाही. आणि शाफई कुठे कुठे आहेत बघ, कोकण, भटकळ, केरळ, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिकेचा किनारा. जिथे जिथे जहाजं गेली तिथे. आपला इस्लाम खैबर खिंडीतून घोड्यावर नाही आला बेटा, गलबतातून खजुराबरोबर आला. हे एवढं जरी वर्गात सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

जिहादचं तुला कुणीतरी सांगेल की जिहाद म्हणजे फक्त स्वतःच्या मनातल्या वाईटाशी झगडा. ते खरं आहे पण अर्धं. लढाई हा अर्थ पण आहे, जुन्या फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, पुस्तकांत त्याचे नियम आहेत, कोण पुकारू शकतं, कुणाला मारायचं नाही, बायका आणि मुलांना मारण्याची बुखारीच्या हदीससंग्रहात सरळ मनाई आहे. आणि इतिहासात राजांनी राज्य वाढवायला हा शब्द वापरलाच, आता बॉम्ब लावणारे वापरतात, नियम पायदळी तुडवून. अर्धं उत्तर दिलंस तर समोरचा मोबाईल काढून दुसरं अर्धं दाखवेल, म्हणून पूर्ण सांग किंवा सांगूच नकोस. आणि बॉम्ब लावणाऱ्याची माफी तू मागायची नाहीस, तू लावला नाहीस.

बुरख्याचं तू विचारलं नाहीस पण विचारतीलच. कुराण पुरुषांना पण नजर खाली ठेवायला सांगतं आणि बायकांना पण, बायकांना ओढणीचं सांगतं, ते किती आणि कसं यावर आलिमांत फरक आहेत आणि आपल्या दोन गल्ल्यांत पण आहेत. माझी आजी नऊवारीत गेली आयुष्यभर. आपल्यात मतभेद आहेत हे सांगायला लाजू नकोस, हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, कोकणीच, त्यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि तलाकच्या प्रश्नावर स्वतःच्याच समाजाशी भांडले. त्यांचं सगळं मला पटत नाही, पण तेही आपलेच.

आता अफझलखान. तो विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, १६५९ मध्ये प्रतापगडाखाली मारला गेला. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर. सहा वर्षांनी महाराजांवर औरंगजेबाची फौज घेऊन कोण आला तर मिर्झाराजे जयसिंग, राजपूत. आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान. पण ही नावं पत्त्यांसारखी टेबलावर आपटायला वापरू नकोस, 'आमचे एवढे होते तुमचे तेवढे होते' असं केलंस की तू पण त्या मागच्या बेंचवरच जाऊन बसलीस. राजे राज्यासाठी लढत होते, धर्माचं नाव पण घेत होते, दोन्ही खरं. महाराज तुझे पण राजे आहेत, तो धडा तुझा पण आहे. खानाचा हिशोब तुझ्या खात्यात कुणी मांडायचा नाही एवढंच.

आणि यासाठीच बाईंकडे जायचंय. अब्बांना सांग, लक्ष देऊ नको हे सल्ला म्हणून ठीक आहे पण एकदा शाळेत चला. ओपन हाऊसची वाट बघू नका, वेळ मागून घ्या, तू पण बरोबर जा. भांडायला नाही, काय झालं ते तारखेसकट शांतपणे सांगायचं आणि विचारायचं की पुढचा धडा घेताना तुम्ही काय कराल. बऱ्याचदा शिक्षकांना पण कळत नाही कसं थांबवायचं, म्हणून ते न ऐकल्यासारखं करतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी बाई अशा आहेत, वाईट नाहीत, घाबरट आहेत. तरी काही झालं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, एक कॉपी स्वतःकडे. इतिहासाच्या प्रोजेक्टला विषय निवडायची मुभा असेल तर चिंचणीचा ताम्रपट घे, मैत्रिणीला पार्टनर कर, तिची सगळ्यांना सांगायची हौस पण भागेल.

अम्मीचं म्हणणं पण बरोबर आहे, हलाल-हराम, नमाजचे मसले हे आलिमांनाच विचार, मी इतिहासवाली बाई, तिथे माझं काम नाही. पण कुराणचा अर्थ वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. एकदम ११४ सूरहच्या मागे लागू नकोस, एकटी सूरह बकराच २८६ आयतींची आहे, दमशील. नमाजमध्ये रोज म्हणतेस तिथून सुरू कर, फातिहा, सात आयती. मग इखलास, मग कौसर, ती तर तीनच आयतींची. एक मराठी तर्जुमा आणि एक उर्दू तर्जुमा शेजारी शेजारी ठेव, दोघांत कुठे कुठे फरक दिसेल, तिथे पेन्सिलने खूण कर आणि ती वही घेऊन आलिमांकडे जा.